निर्वात टाकीच्या आत लावायचे दिवे: ऑर्डर घ्यावी का?

भोसरीकर

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. कारखान्यांना लागणारी एलईडी फिटिंग बनवतो. मशीनवरचे दिवे, पेंटबूथसाठी फ्लेमप्रूफ, धूळपाणी न शिरणारी आयपी ६७ वगैरे. परवा छोटे उपग्रह बनवणाऱ्या एका कंपनीकडून चौकशी आली. उपग्रह सोडण्याआधी ज्या निर्वात टाकीत तपासतात त्या थर्मोव्हॅक चेंबरच्या आत बसवायला त्यांना चार दिवे हवेत, प्रत्येकी २० वॅट. टाकीचा व्यास दोन मीटर, लांबी तीन. आतला दाब एक लक्षांश मिलीबार. भिंतीच्या आतून काळं श्राउड, म्हणजे पत्र्याचं अस्तर, त्यात द्रव नायट्रोजन खेळवतात. काम एवढंच, की आतल्या कॅमेऱ्याला उपग्रह नीट दिसावा, विशेषतः सोलर पॅनेल उघडतात तेव्हा.

माझा पहिला विचार असा: आमचं आयपी ६७ फिटिंग सीलबंदच असतं. आत हवा राहणार, म्हणजे बाहेर निर्वात आहे की वादळ हे एलईडीला कळायचं कारण नाही. काच जाड करायची, गॅस्केट बदलायचं, झालं. की यात आणखी काही भानगड आहे? त्यांच्या कागदात 'लो आउटगॅसिंग' चार ठिकाणी लिहिलंय आणि पैशांबद्दल एक ओळ नाही, म्हणून शंका येते.

ऑर्डर चार नगांची. पुढे आणखी येतील म्हणतात. (सगळेच म्हणतात.)

चांदणी_चौक

काहीही कळत नाहीये, तरी वाचतेय. चहा ठेवलाय.

जुना पंपवाला

भोसरीकर, माझी उमेदीची वर्षं व्हॅक्यूम सिस्टिममध्ये गेली, आता बावधनला निवांत आहे. त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आयपी ६७ चं सील पाणी आत येऊ नये म्हणून असतं, मीटरभर पाण्याखाली अर्धा तास. इथे उलटं आहे. आतली एक वातावरण दाबाची हवा बाहेर पडायला बघते. तुमची काच १० बाय २० सेंटिमीटर धरा. त्यावर आतून सुमारे दोन हजार न्यूटन, म्हणजे दोनशे किलोचा रेटा. जाड काच ते सोसेलही, गॅस्केट मात्र थोडं थोडं गळत राहील, आणि पंप दिवसभर तुमच्या फिटिंगमधली हवा उपसत बसतील. टाकी एक लक्षांशला पोहोचणारच नाही. कॅमेरे दाबबंद डब्यात घालतात हे खरं आहे. नासाच्या ह्यूस्टनमधल्या चेंबर ए मध्ये २०१७ साली जेम्स वेब दुर्बीण तपासली तेव्हा मोजमापाचे कॅमेरे असेच डब्यात होते. पण तो डबा म्हणजे एक छोटं प्रेशर व्हेसल असतं. चार दिव्यांसाठी चार व्हेसल कोणी करत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या हीटसिंकला पाती आहेत ना? ती विसरा. हवा नाही म्हणजे अभिसरण नाही, पात्यांमधून काही वाहत नाही. उष्णता जायला दोनच वाटा: धातूतून सरकत भिंतीकडे, नाहीतर पृष्ठभागावरून प्रारण. पात्यांच्या समोरासमोरच्या बाजू प्रारण एकमेकींवरच टाकतात, त्यामुळे बाहेरचा घेर तेवढा उपयोगी.

हिशेब करून बघा. दिव्याला २० वॅट, बाहेरचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, आणि तो नुसता टांगलेला. काळं अ‍ॅनोडायझिंग असेल, उत्सर्जकता (पृष्ठभाग किती सहज प्रारण टाकतो त्याचा आकडा) ०.८५, तर बॉडी साधारण १०६ अंश सेल्सियसला जाऊन स्थिरावते. एलईडीचं जंक्शन, म्हणजे आतली चिप, त्याच्याही वर. बॉडी बफिंग करून चकचकीत ठेवलीत, उत्सर्जकता ०.१, तर उत्तर ३७५ अंश येतं. अर्थात तिथवर जायला दिवा जिवंत राहणार नाही.

भोसरीकर

म्हणजे काळं अ‍ॅनोडायझिंग. ते आमच्याकडे रोजचंच आहे. एवढंच असेल तर जमेल की.

जुना पंपवाला

थांबा. हे दिवा चालू असतानाचं झालं. बंद केल्यावर काय होतं? द्रव नायट्रोजन उणे १९६ ला उकळतो, श्राउड उणे १७०-१८० च्या घरात असतं. काळा दिवा जितक्या उत्साहाने उष्णता टाकतो तितक्याच उत्साहाने गारठतो. किलोभर वजनाचा असेल तर सुरुवातीला तासाला पंचवीसएक अंशांनी उतरेल. बहुतेक एलईडी उणे ४० पर्यंतच हमीत असतात. एलईडीवरच्या डोमचं सिलिकॉन उणे १२० च्या आसपास काचेसारखं कडक होतं, आतल्या केसाएवढ्या सोन्याच्या तारा ओढल्या जातात, सोल्डरला तडे जातात. चालू असताना वाट हवी आणि बंद असताना तीच वाट नको, इथे सगळं डिझाइन अडतं. प्रकाश किती पडतो हा नंतरचा प्रश्न.

हडपसरचा_खगोल्या

एक मिनिट. २० वॅटने काय होणार? अवकाशात सूर्याचा मारा चौरस मीटरला १३६१ वॅट असतो. उपग्रहाची चाचणी म्हणजे तेवढा प्रकाश टाकायला नको का? यांना झेनॉन दिवे लागतील, किलोवॅटमधले. भोसरीकर, चौकशी नीट वाचली आहेत ना?

जुना पंपवाला

खगोल्या, तुम्ही म्हणता तो सोलर सिम्युलेटर. ती वेगळीच जात. युरोपीय अवकाश संस्थेच्या नेदरलँड्समधल्या केंद्रात मोठा सिम्युलेटर आहे, त्यात १९ झेनॉन दिवे आहेत आणि सहा मीटर रुंदीचा समांतर झोत पडतो. अमेरिकेत नासाच्या जेपीएल केंद्राचा २५ फुटी सिम्युलेटर साठच्या दशकापासूनचा, त्यात ३७ दिवे. ते दिवे टाकीच्या बाहेर असतात, झोत क्वार्ट्झच्या खिडकीतून आत येतो आणि आरशावरून उपग्रहावर पडतो. झेनॉन दिव्यात गॅस मोठ्या दाबाखाली असतो. तो बदलताना तोंडावर जाळी, अंगात जाड जाकीट घालूनच हात लावतात. ते काम भोसरीकरांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन मीटरच्या टाकीत सूर्याऐवजी बहुधा हीटर किंवा इन्फ्रारेड दिवे वापरून तेवढी उष्णता देतात. यांना हवाय तो साधा बघण्याचा उजेड.

हडपसरचा_खगोल्या

ओके, समजलं. माघार.

रसायनी

आउटगॅसिंगबद्दल मी लिहिते, पोटापाण्याचा विषय आहे.

निर्वातात प्लास्टिक, रंग, गोंद, ग्रीस यांतले हलके रेणू सुटून बाहेर येतात. टाकीत सगळ्यात थंड किंवा सगळ्यात नाजूक जागा सापडली की तिथे जाऊन बसतात. बऱ्याचदा ती जागा म्हणजे कोणाच्या तरी कॅमेऱ्याची काच. त्यासाठी एएसटीएम ई ५९५ ही चाचणी आहे. नमुना निर्वातात १२५ अंशाला २४ तास ठेवायचा. एकूण वजन १ टक्क्याहून जास्त घटायला नको, आणि समोरच्या २५ अंशाच्या पट्टीवर जमणारा थर ०.१ टक्क्याहून जास्त नको. बहुतेकांच्या 'लो आउटगॅसिंग'चा अर्थ हाच असतो. तरी विचारून घ्या, प्रकाशीय उपकरणं असली की लोक याहून कडक मागतात.

आपल्या पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेने आदित्य-एल १ या सूर्य बघणाऱ्या यानासाठी सूट ही दुर्बीण केली, २ सप्टेंबर २०२३ ला ती यानाबरोबर गेली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, म्हणजे अतिनील प्रकाशात, सूर्य बघते. अशा दुर्बिणीच्या आरशावर सेंद्रिय रेणूंचा थर बसला की सूर्याचा अतिनील प्रकाशच तो थर पक्का चिकटवून टाकतो, आणि आरसा त्याच तरंगलांबीला आंधळा होत जातो. तिकडे जाऊन पुसायची सोय नाही. म्हणून ही मंडळी साध्या वायरच्या तुकड्यालाही नाव-गाव विचारतात. त्रास द्यायचा म्हणून नाही.

तुमच्या फिटिंगमधून काय काय जाणार ते सांगते. पीव्हीसीची वायर पहिली. तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थच उडतो. तिच्या जागी टेफ्लॉन किंवा पॉलिइमाइड. तापकीर गल्लीत टेफ्लॉन वायर मिळते, पण सर्टिफिकेट मिळत नाही, आणि इथे वायरपेक्षा सर्टिफिकेट महाग. अ‍ॅक्रिलिकचा डिफ्यूझर नको, बोरोसिलिकेट काच घासून दुधाळ करून घ्या. पावडर कोटिंग नको. साधी थर्मल पेस्ट तर अजिबात नको, सिलिकॉन तेल सरपटत कुठेही जातं. आणि बोहरी आळीतले पिवळे बोल्ट नकोत. त्यावर जस्ताचा मुलामा असतो, आणि जस्त व कॅडमियम हे धातू निर्वातात जरा गरम झाले की स्वतःच उडू लागतात. स्टेनलेस ३०४ किंवा ३१६ चे बोल्ट घ्या.

बंद फिटिंगमध्ये एलईडी तपकिरी पडल्याचं तुम्ही पाहिलंच असेल. गॅस्केटमधून सुटलेले रेणू डोमच्या सिलिकॉनमध्ये शिरतात, निळ्या प्रकाशाने आणि उष्णतेने करपतात. ऑक्सिजन असता तर जळून गेले असते. निर्वातातही ऑक्सिजन नाही. म्हणून दिव्याला मोकळी छिद्रं ठेवा, बंद कोंडाळं करू नका.

भोसरीकर

तपकिरी एलईडीचा अनुभव आहे, गॅस्केटचा पुरवठादार बदलल्यावर थांबलं होतं. कारण आज कळलं. धन्यवाद ताई.

जुना पंपवाला

रसायनींच्या यादीत एक भर. आंधळं भोक, म्हणजे आरपार न जाणारं टॅपिंग, ठेवू नका. बोल्टच्या टोकाखाली अडकलेली हवा आट्यांमधून तासन् तास झिरपत राहते, आणि लीक शोधणारे टाकीभर हेलियम मारत फिरतात. भोक आरपार घ्या, नाहीतर बोल्टमधून मधोमध बारीक भोक पाडून घ्या.

पेठी_प्रश्न

मला एक सांगा. हे सगळं आत ठेवायचंच कशाला? टाकीला काचेची खिडकी असतेच. बाहेर स्टँडवर दिवा ठेवा, आत प्रकाश टाका. दिवा गेला तर बदला. वायर पाचशे मीटर टेफ्लॉनची असो की सुतळीची, कोणी विचारणार नाही. एवढी साधी गोष्ट इतका वेळ कोणालाच सुचू नये?

सर्किटवाली

सुचली असणार, जमली नसणार. :) खिडकीतून टाकलेला प्रकाश त्याच काचेवरून परत येतो. कॅमेरा त्याच खिडकीत असेल तर चित्रात पांढरा डाग. वेगळी खिडकी हवी, आणि तिच्यासमोर श्राउडलाही भोक हवं, नाहीतर प्रकाश काळ्या पत्र्यावर. शिवाय एकाच बाजूने उजेड आला की उपग्रहाची अर्धी बाजू काळोखात. पॅनेलच्या बिजागऱ्या नेमक्या तिकडेच असतात.

तरी पेठींचा मुद्दा मी सोडणार नाही. चारपैकी दोन दिवे बाहेरून देता आले तर आतले दोनच बनवा. मोकळी खिडकी आहे का, हे त्यांना विचारा.

जुना पंपवाला

आणि बाहेरून दिलेत तर पावसाळ्याचं ध्यानात ठेवा. खिडकीची काच आतल्या थंड श्राउडकडे बघत असते, त्यामुळे ती खोलीपेक्षा गार होते. जुलैत पुण्याच्या हवेत काचेवर बाहेरून दव धरतं. कोरड्या हवेचा बारीक झोत काचेवर सोडून ठेवावा लागतो.

पेठी_प्रश्न

म्हणजे मुद्दा बरोबर होता. नोंद घ्यावी.

सर्किटवाली

आता विजेचं. २३० व्होल्ट टाकीत नेऊ नका. हवेचा दाब उतरत जातो तशी मध्ये एक पट्टी येते जिथे वीज सगळ्यात सहज उडी मारते. पाशेनच्या नियमाप्रमाणे हवेत ही किमान पातळी सुमारे ३२७ व्होल्ट. आपल्या २३० चं शिखर ३२५ येतं. महावितरणने जरा सढळ हात सोडला की पार. परत दाब भरताना तर टाकीत कोरडा नायट्रोजन सोडतात, आणि त्याची किमान पातळी २५० च्याच आसपास. ठिणगी पडली की फिटिंग जातंच, वर धातूची वाफ सगळ्या टाकीत.

काही ठिकाणी यावर उपाय म्हणून दाब पूर्ण उतरेपर्यंत दिवे बंद ठेवायचा नियम असतो. पण नेमका तेव्हाच उजेड लागतो. उपग्रहावरचं सोनेरी थरांचं पांघरूण, एमएलआय, त्यात अडकलेली हवा पंप सुरू झाल्यावर बाहेर पडते. तिला वाट कमी असली की ते टम्म पुरीसारखं फुगतं, कधी शिवणीतून सुटतं. ते बघायला कॅमेरा आणि दिवा दोन्ही चालू हवेत.

म्हणून बारा एलईडी एका ओळीत, ३६ व्होल्ट डीसी. इतक्या कमी व्होल्टला ती उडी पडतच नाही, दिवा सुरुवातीपासून चालू ठेवा. एलईडी गार झाली की तिला व्होल्ट जास्त लागतात, तेव्हा सप्लाय ४८ चा घ्या आणि करंट स्थिर ठेवा. करंट स्थिर असला की लांब वायरमधल्या व्होल्टेज ड्रॉपचीही काळजी नाही.

ड्रायव्हर टाकीच्या बाहेर. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निर्वातात गळतात. आत फक्त एलईडी, मेटल कोअर (धातूच्या पाठीचा) बोर्ड आणि वायर. डिमिंग पीडब्ल्यूएमने, म्हणजे दिवा भराभर चालू-बंद करून, करू नका, कॅमेऱ्यात पट्टे दिसतात, आणि उपग्रहाचे रेडिओवाले तुमच्या ड्रायव्हरचा आवाज शोधत बसतात. करंट कमी-जास्त करून मंद करा.

माजी_सीओईपी

आम्ही सीओईपी कॉलेजात असताना तिथल्या विद्यार्थ्यांच्या स्वयम् उपग्रहाचं काम अगदी जवळून पाहिलंय. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही सी ३४ वरून गेला, वजन जेमतेम किलोभर. त्या अनुभवावरून एक वेगळी बाजू.

चार दिवे गुणिले २० म्हणजे ८० वॅट. प्रकाश झाला काय, उष्णता झाली काय, सगळं शेवटी टाकीतच जिरतं. दहा सेंटिमीटरच्या घन उपग्रहाला सोलर सेलवरून मिळतात दोनएक वॅट. त्याच्या तापमानाचा ताळा बघायची थर्मल बॅलन्स चाचणी चालू आहे आणि शेजारी ८० वॅटचे दिवे जळतायत, तर ती चाचणी दिव्यांचीच झाली. शिवाय सेलवर प्रकाश पडला की बॅटरी चार्ज व्हायला लागते, सन सेन्सरला सूर्य सापडतो, स्टार सेन्सर गोंधळतो. ऑपरेटर दिवा विसरला आणि तीन तासांनी कोणाला तरी विचित्र आलेख दिसला, असं व्हायला नको. दिवा कधी चालू, कधी बंद, हे तापमानाच्या नोंदींसोबत आपोआप लिहिलं गेलं पाहिजे. ड्रायव्हरमध्ये एक कोरडा कॉन्टॅक्ट, म्हणजे स्वतःची वीज नसलेला साधा स्विच, काढून द्या, तेवढ्यात त्यांचं काम होतं.

दिवा बंद असला तरी एक राहतंच. २५ अंशाचा पृष्ठभाग चौरस मीटरमागे साडेचारशे वॅटच्या आसपास प्रारण टाकतो, १०० केल्विनचं श्राउड पाच-सहा वॅट. दिव्याचं तोंड पन्नास चौरस सेंटिमीटर असेल तर बंद दिवाही दोन वॅटचा हीटर आहे. उपग्रहाला थंड आकाश दाखवायचंय आणि त्यात तुमच्या चार कोमट खिडक्या.

चांदणी_चौक

बंद दिवासुद्धा हीटर. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सांगून बघते.

भोसरीकर

आज गुरुवार, सुट्टी, म्हणून निवांत फोन केला. त्यांच्या चाचणीप्रमुख बाई बोलल्या, मोकळेपणाने बोलल्या. मिळालेली माहिती:

दिवे सतत लागत नाहीत. पंप सुरू झाल्यापासून पहिला काही वेळ एमएलआय बघायला, तोही मंद उजेड चालतो. मग पॅनेल उघडण्याची चाचणी, एकदा थंडीत, एकदा उष्णतेत, दर वेळी पाच-दहा मिनिटं. बाकी बंद. थर्मल बॅलन्सला सक्त बंद. एक मोकळी खिडकी आहे, तिच्यासमोर श्राउडला भोकही आहे. २० वॅटचा आकडा त्यांनी कुठून आणला विचारलं तर म्हणाल्या, जुन्या कागदातून उतरलाय.

जुना पंपवाला

मग निम्मं काम झालं की! पाच-दहा मिनिटंच लागत असेल तर उष्णता बाहेर नेण्याची घाई कशाला? साठवून ठेवा. एक किलो अ‍ॅल्युमिनियमला एक अंश चढायला सुमारे ९०० ज्यूल लागतात. २० वॅटने मिनिटाला १.३ अंश. दहा मिनिटांत तेरा अंश. दिव्याची बॉडी म्हणजे किलोभराचा भरीव ठोकळा करा. पाती नाहीत, पोकळी नाही, तुमच्या सीएनसीवर तासाभराचं काम.

ठोकळा बफिंग करून चकचकीत ठेवा, म्हणजे श्राउडला उष्णता देणार नाही. २० अंशाला जेमतेम एक वॅट जाईल. आणि एका तांब्याच्या पट्टीने त्याला टाकीच्या बाहेरच्या भिंतीशी बांधा. श्राउडशी नाही, भिंतीशी. ती खोलीच्याच तापमानाला असते. इलेक्ट्रिक पॅनेलवाल्यांकडे मिळते ती २५ बाय ५ मिलिमीटरची बसबार, २० सेंटिमीटर लांब. एका अंशाच्या फरकाला पाव वॅट नेते. बंद असताना ठोकळा भिंतीपेक्षा तीन-चार अंशच खाली राहील, गारठण्याचा प्रश्न मिटला. दिवा वापरून झाल्यावर चढलेले तेरा अंश तासा-दोन तासांत उतरतील. कोणी चालूच ठेवून गेलं तर मात्र शंभर अंशांकडे चढेल, म्हणून ठोकळ्यावर ७० अंशाला तोडणारा बंद डबीतला थर्मोस्टॅट.

हा हिशेब सांधे पक्के धरून आहे. हवेत दोन धातू घट्ट आवळले की मधल्या फटीतली हवा पण उष्णता नेते. निर्वातात ती नाही, दोन खरखरीत पृष्ठभाग टोकाटोकांनीच टेकतात. पेस्ट चालत नाही, म्हणून मध्ये इंडियमचा पातळ पत्रा घालतात, तो मऊ असतो, फटीत बसतो. पण इंडियम १५७ अंशांच्या आत वितळतं, तेव्हा बेकआउट, म्हणजे निर्वातात तापवून सुटणारे रेणू आधीच काढून टाकणं, शंभराच्या पुढे नेऊ नका.

सर्किटवाली

सुंदर. आता प्रकाशाबद्दल, जो मूळ विषय होता. :)

एमएलआय आरशासारखं चमकतं. थेट दिवा मारलात तर कॅमेऱ्याला चार पांढरे ठिपके आणि बाकी अंधार. दोन दिवे तिरके ठेवा, कॅमेऱ्यापासून बरेच लांब, आणि तोंडाची काच मोठी व दुधाळ करा, म्हणजे चमक पसरून मंद होईल. बाईंना वॅट विचारू नका. कॅमेरा कोणता, लेन्सचं छिद्र किती, शटर किती, हे विचारा. आजच्या बऱ्या सेन्सरला दोन मीटरच्या टाकीत पाच वॅटही भरपूर होतील. तसं झालं तर वरचा सगळा हिशेब चौथ्या हिश्श्यावर.

माजी_सीओईपी

काच मोठी केली की बंद असतानाची कोमट खिडकीही मोठी होते, हे सांगून ठेवतो. तोंडावर चकचकीत झडप हवी किंवा काच लहान.

सर्किटवाली

झडप नको, हलणारा भाग आला की निर्वातात वंगणाची कटकट. दिवा श्राउडच्या भोकामागे थोडा आत ओढून बसवा. श्राउड जेवढं झाकेल तेवढंच तोंड उपग्रहाला दिसेल.

माजी_सीओईपी

हे चालेल. पण उपग्रहाला दिसतं तेवढं तोंड त्यांच्या थर्मल मॉडेलमध्ये घालायला सांगा. माप आणि जागा ड्रॉइंगवर ठळक द्या.

भोसरीकर

तर माझ्या डोक्यात आता असं आहे. आत दोन दिवे, एक बाहेरून खिडकीतून. भरीव ठोकळा, मेटल कोअर बोर्ड, बारा एलईडी, तांब्याची पट्टी, ३६ व्होल्ट, ड्रायव्हर बाहेर. वॅट कॅमेऱ्याची माहिती आल्यावर. टाकीच्या भिंतीतून वायर आत न्यायचा फीडथ्रू त्यांचा. प्रश्न एकच उरला: माझ्याकडे निर्वात टाकी नाही. पाठवायच्या आधी तपासू कसं?

पेठी_प्रश्न

आणि पैसे? चार नगांचे आता दोन झाले. चार दिवसांत आपणच आपली ऑर्डर निम्मी केलीत, धन्य आहे.

रसायनी

पेठी, बरोबर दिवा गेला तर पुढची ऑर्डर येते. चुकीचा दिवा गेला आणि कोणाच्या लेन्सवर थर बसला तर फक्त वकील येतो.

भोसरीकर, तपासणीचे दोन भाग करा. उष्णतेचा भाग तुम्ही हवेतही थोडा बघू शकता: ठोकळ्याला थर्मोकपल लावून, सगळीकडून ग्लासवूलमध्ये गुंडाळून दहा मिनिटं चालवा, तापमान हिशेबाप्रमाणे चढतं का बघा. स्वच्छतेचा भाग निर्वाताशिवाय होत नाही. त्यांच्याच टाकीत, उपग्रह नसताना, दिवे एकटे घालून बेकआउट करायचा आणि क्वार्ट्झच्या स्फटिकावर किती थर जमतो ते मोजायचं. ही त्यांची नेहमीची पद्धत असते. तो खर्च कोणाचा, आणि थर मर्यादेबाहेर आला तर दुसऱ्या बेकआउटचा खर्च कोणाचा, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. भांडणं इथेच होतात.

जुना पंपवाला

कोणा ओळखीच्याकडे जुना रोटरी पंप आहे म्हणून त्यावर बेल जार लावून 'जरा बघू' असं करू नका. त्याच्या तेलाची वाफ उलटी येते, स्वच्छ केलेला दिवा तुम्हीच तेलात बुडवाल. कोरडा, म्हणजे बिनतेलाचा, स्क्रोल पंप असेल तरच.

एक नग जास्त बनवा. तो त्यांना देऊ नका, तुमच्याकडे ठेवा. त्याच बॅचची वायर, त्याच बॅचचे एलईडी. दोन वर्षांनी काही विचारणा आली तर कापून बघायला काहीतरी हवं.

रसायनी

आणि सफाई झाल्यावर पावडर नसलेल्या नायट्राइल हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. कटिंग ऑइल आधी डिटर्जंटने, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल). पॅकिंग तेल नसलेल्या फॉइलमध्ये, वरून स्वच्छ पिशवी. थर्माकोल नको. कंपनीचं स्टिकर नको, मार्कर पेनने नंबर नको. नंबर धातूतच कोरा.

भोसरीकर

स्टिकर नाही म्हणजे आमच्या पोरांचा हिरमोड. लेझर मार्किंगवाला पलीकडच्याच गाळ्यात आहे, नाव-नंबर तो कोरेल. रसायनी ताई, लेझरने जळलेल्या अक्षरांतून काही सुटत नाही ना? नसेल तर सोमवारी कोटेशन पाठवतो, एक नग जास्त धरून.

रसायनी

नाही सुटत. फक्त कोरून झाल्यावर धुवायचं, आधी नाही.